गेम नाइटची तयारी: आधी न खेळणारा माणूस ठरवा

टेबलं, खुर्च्या, पुरेसा उजेड, पाणी, हॉलची किल्ली. हे काही सांगायला नको. चर्चमध्ये गेमर मंडळींसाठी संध्याकाळ ठेवायची असेल, तर यादीत पहिलं नाव न खेळणाऱ्या माणसाचं हवं. आमच्या मागच्या गेम नाइटला नेमका तोच राहिला. खेळ कोणते आणायचे ते नंतर बघा, आधी हे नाव लिहा.

न खेळणारा म्हणजे संध्याकाळभर हातात पत्ते, सोंगट्या किंवा कंट्रोलर न धरणारा यजमान. तो नसला की काय होतं ते ठरलेलं आहे. सगळे स्वयंसेवक उत्साहाने पहिल्याच डावाला बसतात आणि डाव दीड तासाचा असतो. वीस मिनिटं उशिरा एक मुलगा एकटाच येतो. दारातून बघतो तर प्रत्येक टेबलाभोवती नुसत्या पाठी. कोणीतरी हसून हात करतं, पण उठत कोणीच नाही, कारण उठलं तर बाकीच्यांचा डाव मोडतो. तो भिंतीशी थांबतो, फोन काढतो आणि दहा मिनिटांनी निघून जातो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच गेला.

म्हणून या माणसाचं काम नेमकं ठरवून द्या. त्याने दाराजवळ राहायचं, नाव विचारायचं आणि काय खेळायला आवडतं ते विचारायचं. कुठल्या चर्चला जाता, हे विचारायचं नाही. कोणत्या टेबलावर किती जागा आहेत, कोणता डाव किती वेळात संपेल, हे त्याला तोंडपाठ हवं. त्याच्याजवळ पंधरा-वीस मिनिटांचा एक खेळ राखून ठेवा. उशिरा आलेले तिघे-चौघे जमले की तो लगेच मांडायचा, चालू करून द्यायचा आणि स्वतः बाजूला व्हायचं. स्वतः बसायचं नाही, एक माणूस कमी पडत असला तरी नाही. तिथेच घसरतात सगळे. वीसच्या वर लोक येणार असतील तर असे दोघे ठेवा आणि तासातासाने बदला, म्हणजे त्यांनाही खेळता येईल. हे काम पाळकांना देऊ नका, दारातच पाळक भेटले की नवखा सावध होतो. नियम सगळ्यात छान समजावणाऱ्यालाही देऊ नका, त्याला प्रत्येक टेबल ओढून नेईल.

निमंत्रणात चर्चचं नाव ठळक घाला. छोटा संदेश किंवा प्रार्थना होणार असेल तर किती वाजता आणि किती मिनिटं, तेही लिहा. खेळायला बोलावून प्रवचन ऐकवलं, अशी भावना एकदा झाली की त्या ग्रुपमधलं कोणी पुन्हा फिरकत नाही. गेमर लोकांच्या आठवणीत जुनं दुखणं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्र वठवून कथा खेळायचा खेळ १९७४ मध्ये आला आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती गटांनी त्याला सैतानी ठरवलं. तिथे १९८३ मध्ये त्याविरुद्ध एक संघटनाच उभी राहिली. चर्चला आपला छंद चालत नाही असं धरूनच कितीतरी लोक येतात. दुसरीकडे, असे खेळ खेळणाऱ्या ख्रिस्ती लोकांची ख्रिश्चन गेमर्स गिल्ड ही संघटना १९९६ पासून आहे. आपल्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना शंका असतील तर त्या संध्याकाळच्या आधी त्यांच्यासोबत बसा. पाहुण्यांसमोर तो वाद नको.

आता डब्यातले बोर्ड गेम. डब्यावरची खेळाडूंची संख्या वाचा, इथे फार गोंधळ होतो. कटान मूळ डब्यात तीन किंवा चार जणांचा आहे, पाचवा आला की अडलं. पँडेमिक दोन ते चार जणांचा. आकडा जुळत नसेल तेव्हा कामाला येतात कोडनेम्स आणि जस्ट वन. जस्ट वन तीन ते सात जणांत चालतो, कोडनेम्समध्ये दोन संघ असतात, एखादा जास्त झाला तरी खपतो. पण हे दोन्ही शब्दांचे खेळ आहेत. डब्यातली भाषा सगळ्यांना सहज येते का बघा, नाहीतर डिक्सिट काढा, तिथे पत्त्यांवर फक्त चित्रं असतात. खेळाडू मध्येच बाद होतो असे खेळ टाळा. माफियासारख्या, लपलेले मारेकरी ओळखायच्या खेळात डावातल्या पहिल्याच 'रात्री' मेलेला नवखा पुढची वीस मिनिटं काय करणार? दोन तासांच्या वरचा कोणताही डबा घरी ठेवा. सगळे मिळून जिंकायचे खेळ चर्चला शोभतात हे खरं, पण त्यांत एक जाणकार सगळ्यांच्या चाली स्वतःच ठरवून टाकतो. तो जाणकार बहुतेक आपलाच स्वयंसेवक असतो. त्याला आधीच सांगा: विचारल्याशिवाय सुचवायचं नाही.

प्रत्येक खेळाला नियम सांगणारा एकजण हवा. त्याने आदल्या आठवड्यात पूर्ण डाव खेळलेला असावा. टेबलावर नियमपुस्तिका उघडून वाचणं म्हणजे अर्ध्या लोकांना झोपवणं. आधी जिंकायचं कसं ते सांगायचं, मग एका पाळीत काय करायचं ते, बाकीचं खेळता खेळता.

रोलप्लेइंग टेबल, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळाचं टेबल, ठेवत असाल तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे मध्येच कोणाला घुसवता येत नाही, म्हणून नावनोंदणी आधी घ्या आणि कथा चालवणारा गेम मास्तर सोडून चार-पाचच खेळाडू ठेवा. सुरुवातीला दहा मिनिटं कथेत काय नको ते सगळ्यांना विचारा: छळ, आत्महत्या, लहान मुलांना इजा, ज्याला जे नको ते. कारण विचारू नका. पात्रं तयार करून आणा, नवख्याचं पात्र तिथे बनवायला बसलात तर तास जातो. आणि कथेला बळेच बोधकथेचं वळण देऊ नका. खेळाडूंना ते पहिल्या प्रसंगातच कळतं. मूल्यं दिसायची असतील तर गेम मास्तर हरणाऱ्याशी कसा वागतो त्यातून दिसतात.

व्हिडिओ गेम असतील तर आदल्या रात्री प्रत्येक मशीन चालू करून सगळे अपडेट उतरवा. एकेक अपडेट कित्येक जीबीचा असतो आणि हॉलचं वायफाय तिथेच मान टाकतं. कंट्रोलर चार्ज करा, जोडून बघा. कॉम्प्युटर जोडायच्या आठ पोर्टच्या नेटवर्क स्विचमधला एक पोर्ट राउटरला जातो, म्हणजे सातच कॉम्प्युटर बसतात. गेमिंग पीसी वीज बरीच खातात, एका एक्स्टेन्शनवर पाच-सहा लटकवू नका. वायरी जमिनीला टेपने चिकटवा. खेळांवरचं वयाचं रेटिंग पाहा. तेरा वर्षांच्या मुलाच्या शेजारच्या पडद्यावर अठराचा खेळ चालू असेल, तर पालकांचा फोन नक्की येणार.

डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या ॲपवर ऑनलाइन भेट असेल तरी न खेळणारा माणूस लागतोच, किंबहुना जास्त लागतो. चालू मॅच थांबवता येत नाही. नवा माणूस व्हॉइस चॅनेलमध्ये येतो, चौघांचं 'डावीकडे, डावीकडे, हील दे' ऐकतो, त्याच्या हॅलोला उत्तर मिळत नाही, तो जातो. मॅचमध्ये नसलेला एकजण लॉबीत, म्हणजे नवे लोक आधी येतात त्या चॅनेलमध्ये, बसलेलाच हवा. चॅनेल तीन-चारच उघडा, वीस रिकामी चॅनेल बघून कोणी बोलत नाही. प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी वेगळं चॅनेल ठेवा आणि दुसऱ्याचं आजारपण त्याच्या परवानगीशिवाय तिथे लिहू देऊ नका. शिस्त बघणारे किमान दोन मॉडरेटर ठेवा. डिस्कॉर्डला वयाची अट किमान तेराची आहे, ती पाळा. मोठ्यांनी अल्पवयीनांशी खासगी संदेशात बोलायचं नाही. हॉलमध्येही मुलं असतील तिथे दोन मोठी माणसं, एकटं कोणी नाही.

विश्वासाबद्दलचा संदेश पाच-सात मिनिटांचा, डावांच्या मधल्या बदलात. चालू डाव थांबवून कधीच नाही. ज्याला नको त्याला बाहेर उभं राहता येईल अशी सोय करा, आणि तिथेही न खेळणाऱ्या माणसाने त्याच्यासोबत उभं राहावं, समजावायला नव्हे, सोबतीला. विश्वासाबद्दल कोणी स्वतःहून विचारलं तर उत्तर द्या, बायबलमध्ये १ पेत्र ३:१५ ला सांगितलंय तसं, सौम्यपणे. नाही विचारलं तर त्याच्या खेळाबद्दल विचारा आणि खरंच ऐका.

बाकी पटापट. खायला कोरडं ठेवा, तेलकट हात पत्त्यांना नकोत. आपली पात्रं, पत्ते, मिनिएचर (छोटे पुतळे) आणणाऱ्यांच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नका. पुढच्या भेटीची तारीख आधीच ठरवा आणि निघताना दारात सांगा, 'कळवू' म्हणू नका. फोन नंबर देईल त्याचाच घ्या, दोन दिवसांत एक साधा संदेश करा. सोंगट्या मोजून मगच डबे बंद करा.