बॉडी प्रोटेक्टर घेताय? आधी बसून बघा, मग पैसे द्या

अकलूजच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस बघा कधी. दात बघणार, खूर उचलून बघणार, अंगावरचे भोवरे मोजणार, चालवून बघणार, पळवून बघणार, मग कुठं किमतीचं बोलणार. आणि हाच माणूस घोड्यावरून पडल्यावर स्वतःच्या बरगड्या वाचवणारं जाकीट, म्हणजे बॉडी प्रोटेक्टर, घेताना एम का एल एवढं ठरवून ऑर्डर टाकून मोकळा. मीपण तसाच. पहिलं जाकीट आलं ते घरी आरशासमोर उभं राहून घातलं, झकास बसलं, चिलखत घातल्यागत वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यावर बसलो आणि दुडकी चाल सुरू झाली की मागची कड खोगिरावर टक टक आपटायला लागली, जाकीट वर सरकलं, मागच्या कॉलरनं हेल्मेट ढकललं आणि हेल्मेट आलं डोळ्यावर. समोरचं काय दिसतंय! तेव्हा उभ्यानं बसलेलं माप घोड्यावर बसेलच असं नाही हे डोक्यात घट्ट करा, बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी हे जाकीट करतं काय ते बघू. आत जाड फोम असतो, पडल्यावर किंवा लाथ बसल्यावर तो दाबला जातो आणि फटक्याचा बराच जोर स्वतः खातो, त्यामुळं मुका मार कमी लागतो, बरगडी वाचायची शक्यता वाढते. पण घोडा अंगावर पडला किंवा मणका पिळवटला तर त्यापुढं त्याचं फारसं चालत नाही, दुकानदार काहीही सांगू दे. हेल्मेट तर वेगळं लागतंच.

मग आतलं लेबल वाचा. युरोपचं मानक ईएन १३१५८, आणि ब्रिटनमधल्या घोडेस्वारीच्या सामानाच्या व्यापाऱ्यांची संस्था बीटा, तिचं लेबल त्यावरच चालतं. तीन लेव्हल असतात. लेव्हल १ सगळ्यात हलकी, ती रेसच्या जॉकींसाठी, त्यांना वजनाचा हिशोब असतो. लेव्हल २ कमी धोक्याच्या कामाला. तुम्हाआम्हाला रोजच्या रायडिंगला, उड्या मारायला, नव्या घोड्याबरोबर काम करायला लेव्हल ३ पाहिजे. बीटाचं २००९ चं लेव्हल ३ जांभळ्या लेबलचं होतं, २०१८ चं निळं. लेबलच नसलेलं, नुसतं फोम भरलेलं जाकीट स्वस्तात मिळतं, ते थंडीत घालायला चांगलंय.

आता मापं. मेझर टेप घ्या आणि दुसऱ्या कुणालातरी मापं घ्यायला सांगा, स्वतःचं स्वतः घेतलं की टेप तिरका जातोच. छाती जिथं सगळ्यात जास्त भरते तिथं, कंबर, आणि तिसरं माप बहुतेक जण विसरतात ते म्हणजे पुढून कमरेपासून खांद्यावरून मागं कमरेपर्यंत. उंच माणूस आणि आखूड धड, किंवा उलटं, असं असेल तर हेच माप कामाला येतं, नुसत्या छातीच्या मापावर गेलात की माझ्यासारखी टक टक. बायकांनी आणि मुलींनी स्पोर्ट्स ब्रा घालून माप घ्यावं, आणि लेडीज कटिंगचं मिळत असेल तर तेच बघावं, पुरुषी मापाचं पुढून दाबतं आणि कमरेला सैल राहतं. प्रत्येक कंपनीचा साइज चार्ट वेगळा असतो, एका कंपनीचं एम म्हणजे दुसरीचं एम नव्हे.

घालताना आत एक पातळ टीशर्ट, बास. हुडीवर घालू नका, उलट थंडी असेल तर जर्किन जाकिटाच्या वरून. मंगळसूत्र, जाड लॉकेट काढून ठेवा, फोमखाली दाबून रुततं. ओढणी तर नकोच नको. आधी खांद्याच्या पट्ट्या लावून उंची ठरवायची, मग कमरेच्या. पुढची वरची कड छातीच्या हाडाच्या वरच्या टोकापाशी यायला हवी, गळ्याला टोचायला नको. मान खाली घातली की मागं एक मणका टुमकन वर येतो बघा, तिथपर्यंत पाठ झाकली पाहिजे. खालून पुढं शेवटच्या बरगडीच्या खाली निदान एक इंच. बाजूला पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना भिडले पाहिजेत, मधे बरगडी उघडी दिसत असेल तर ते लहान होतंय, आणि वेल्क्रो पूर्ण ओढूनही जाकीट अंगात फिरत असेल तर मोठं.

इथपर्यंत उभ्यानं. आता बसा. खोगीर मिळालं तर खोगिरावरच बसा, क्लबमध्ये नेऊन स्टँडवरच्या खोगिरावर बसून बघा, कुणी हसलं तर हसू दे. जाकिटाची मागची खालची कड आणि खोगिराची मागची उंच कड यांच्यात आडवा पंजा बसला पाहिजे, साधारण चार इंच. हातात लगाम धरल्यासारखं करा, मग रिकिबीवर उभं राहून पुढं वाका, उडी घेताना वाकतो तसं. खांदा अडतोय का, काखेत कापतंय का, कॉलर हेल्मेटला लागतीय का. खोल श्वास घेऊन बघा. घट्ट म्हणजे मिठी मारल्यासारखं घट्ट, गुदमरायला झालं तर पट्टी सोडा.

आणि घाई करू नका ओ. हा फोम अंगाच्या उष्णतेनं मऊ होतो, डब्यातून काढल्यावर पुठ्ठ्यासारखा ताठ लागतो आणि लोकं म्हणतात छे, हे नाय जमायचं. पाच-दहा मिनिटं घालून घरात फिरा, मग सगळ्या पट्ट्या परत आवळा. आपल्या सोलापुरात हे जास्तच जाणवतं. गड्ड्याच्या जत्रेच्या, म्हणजे जानेवारीच्या थंडीत पहाटे तोच फोम कडक, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की इतका मऊ की सकाळी नीट आवळलेलं जाकीट तासाभरात सैल. म्हणून मी वॉर्मअप झाला की एकदा थांबून पट्ट्या बघतोच.

उकाड्याचं रडगाणं सगळेच गातात, मी पण गातो. उपाय एवढाच की छोट्या छोट्या तुकड्यांचं, भोकं असलेल्या फोमचं आणि आत जाळीचं अस्तर असलेलं घ्या, ते अंगाबरोबर वळतं आणि हवा थोडीतरी खेळते. आणि राइड सूर्य वर यायच्या आत उरका. दुपारी घालून बसायची वस्तूच नाही ही. गाडीच्या काचेमागं किंवा स्कूटीच्या डिकीत तर उन्हाळ्यात अजिबात ठेवू नका, फोम खराब होतो.

पोरांचं सांगतो. आपल्याकडं कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची सवय, शाळेचा युनिफॉर्म दोन वर्षं पुरला पाहिजे. भाच्याला मी तसंच घेऊन दिलं होतं, ते पोरगं त्यात कासवागत दिसायचं आणि पडलं तेव्हा जाकीट वर आणि पोटाचा भाग उघडा. नशीब वाळू मऊ होती. पोरांचं आजच्या मापाचंच घ्या आणि दर सहा महिन्यांनी टेप लावा. आणि हो, आपलं सोलापूर म्हणजे युनिफॉर्मचं गाव, गल्लीगल्लीत शिलाई मशीन, म्हणून मोठं झालेलं जाकीट टेलरकडं नेऊन बाजूनं मारून आणायचा मोह होतो. नका करू, फोम कापला की लेबलला काही अर्थ राहत नाही.

सेकंडहँड शक्यतो नकोच, आधी त्यात कोण किती वेळा पडलंय ते कळत नाही. स्वतःचं असेल तरी जोरात पडल्यावर सगळा फोम बोटांनी चाचपून बघा, खड्डा पडला असेल आणि अर्ध्या तासानंतरही भरून आला नाही तर तिथला फोम मेला. नाही पडलात तरी रोजच्या वापरात तीन ते पाच वर्षांनी बदलायचं.

एअरवालं विचारतात बरेच जण. त्याची दोरी खोगिराला अडकवायची, पडलं की दोरी ओढली जाऊन गॅसच्या छोट्या नळकांड्याला भोक पडतं आणि जाकीट फुगतं. चांगलंय, पण फुगलं की नळकांडं नवं लागतं, आणि उतरताना दोरी सोडायला विसरलात तर फाट्कन आवाज आणि घोडा बावचळला. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या उड्यांच्या स्पर्धेत, ते फोमच्या वरून घालतात, त्यामुळं पहिली खरेदी फोमचीच करा.

धुवायचं म्हणजे कव्हर निघत असेल तर ते वेगळं, फोम फक्त ओल्या फडक्यानं पुसायचा, सावलीत रुंद हँगरवर टांगायचा. आणि पार्सल आल्यावर टॅग लगेच तोडू नका, वीस मिनिटं घालून, बसून, वाकून बघा, तोवर परत करायची सोय हातात राहू दे.