मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्टेम सेल उपचार: संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी काय तपासावे

अपघातात मज्जारज्जूला मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडले की, थोड्याच दिवसांत कोणीतरी स्टेम सेलचे, म्हणजे इतर प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या मूळ पेशींचे, नाव सुचवते आणि घरातले लोक दागिने मोडण्याच्या तयारीला लागतात. त्याआधी रुग्णालयाकडे सीटीआरआय, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील क्रमांक मागावा. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांतील प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि मज्जारज्जूची दुखापत त्या मोजक्या आजारांत येत नाही. ही नोंद संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तीत रुग्णालयाचे नाव आणि रुग्णनिवडीचे निकष जुळतात का, ते स्वतः वाचावे. क्रमांक नसेल किंवा पेशींसाठी लाखोंची रक्कम मागितली जात असेल, तर तेथूनच परत फिरावे.

त्यानंतर पेशी कोणत्या, कोठून घेतलेल्या आणि दुखापतीनंतर किती दिवसांनी देणार, हे विचारावे. जपानच्या केओ विद्यापीठाने आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूळ पेशींसारखे बनवून मिळवलेल्या पेशींपासून) तयार केलेल्या सुमारे 20 लाख चेतापूर्व पेशी, म्हणजे पुढे चेतापेशी बनू शकणाऱ्या पेशी, चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या आणि मार्च 2025 मध्ये निष्कर्ष जाहीर केले: दोघांच्या हालचालींत सुधारणा झाली, त्यांपैकी एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला. ही बातमी खरोखर आशादायक आहे. मात्र ते रुग्ण दुखापतीनंतर 14 ते 28 दिवसांच्या टप्प्यातले होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पहिल्या काही महिन्यांत शरीर आपणहूनही काही प्रमाणात सावरते. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या दुखापतीला हा दाखला लावू नये, आणि उपचारापूर्वीची एशिया (ASIA) श्रेणी, म्हणजे मज्जारज्जूच्या दुखापतीची तीव्रता ‘ए’ (सर्वांत गंभीर) ते ‘ई’ (सामान्य) अशी सांगणारी श्रेणी, लेखी घेऊन ठेवावी.

धोक्यांबद्दलही स्पष्ट विचारावे. नाकातील पेशींचे प्रत्यारोपण झालेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी गाठ आढळल्याची नोंद 2014 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे तपासणी किती वर्षे चालू राहणार हे संमतिपत्रात असले पाहिजे. एकदा असा उपचार घेतला की पुढील अनेक चाचण्यांची दारे बंद होतात, हेही ध्यानात ठेवावे.

या चौकशीच्या काळात दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे आणि फिजिओथेरपी एक दिवसही थांबवू नये. बेडसोर चिघळलेला किंवा जंतुसंसर्ग झालेला असल्यास चांगल्या चाचणीतही प्रवेश नाकारला जाऊ शकतो.