रविवारचं थीमवालं शब्दकोडं कसं सोडवावं

थीम, म्हणजे लांब उत्तरांना जोडणारा एक समान धागा, असलेल्या शब्दकोड्याबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: आधी थीम ओळखा, मग बाकीचं आपोआप सुटेल. हा सल्ला साफ उलटा आहे. त्याच्या नादी लागून माणसं पहिला अर्धा तास सगळ्यात लांब रिकाम्या ओळीकडे बघत बसतात, वैतागतात आणि कोडं बाजूला टाकतात. थीम सापडते ती चौकट निम्मी भरत आल्यावर. रविवारच्या कोड्याचा सगळा जीव त्या एका क्षणात असतो. तो घाईने उरकायचा नाही, आणि दुसऱ्याकडून ऐकायचा तर मुळीच नाही.

रविवार आणि शब्दकोडं यांची सोबत अगदी पहिल्यापासूनची. आधुनिक शब्दकोड्याचे जनक मानले जाणारे आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' ह्या वर्तमानपत्रात छापून आलं ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, म्हणजे रविवारीच. पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९४२ मध्ये कोडं सुरू केलं तेही फक्त रविवारसाठी. त्यांचं रोजचं कोडं १९५० मध्ये आलं. तिथे रोजची चौकट १५ बाय १५ घरांची असते आणि रविवारची २१ बाय २१ ची, आणि तिथे प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसावं लागतं. मराठीत हे फार अवघड. आपल्या एका घरात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. अशी अक्षरं शेकड्यांनी होतात, त्यामुळे शब्द एकमेकांत गुंफताना रचणाऱ्याचा कस लागतो. म्हणून मराठी चौकट लहान असते, तिच्यात काळी घरं जास्त असतात आणि बरीच घरं एकाच शब्दाच्या वाट्याला येतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सुरुवात

शीर्षक एकदा वाचा आणि सोडून द्या. आत्ता त्याचा अर्थ लावत बसू नका.

'१ आडवा'पासून क्रमाने जायचं नाही. सगळी शोधसूत्रं, म्हणजे उत्तर ओळखण्यासाठी दिलेल्या ओळी, एकदा नजरेखालून घाला आणि डोळे मिटून येतील तेवढी उत्तरं भरा. सूर्य, चंद्र, पाणी, कमळ, सोनं, हत्ती यांचे दोन-तीन अक्षरी प्रतिशब्द रचणाऱ्यांना फार लागतात: अर्क, इंदू, तोय, पद्म, हेम, करी. याद्या पाठ करण्याची गरज नाही, सोडवता सोडवता ते तोंडी बसतात.

शोधसूत्राचं व्याकरण बघा. सूत्र अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनीच. क्रियापद 'उडवून लावणे' अशा रूपात विचारलं असेल, तर उत्तर सुचलेलं नसतानाही शेवटच्या घरात हलक्या हाताने 'णे' लिहून ठेवा. सूत्राच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर कोटी आहे असं समजा. 'काटे असूनही टोचत नाही? (३)' याचं उत्तर घड्याळ; कंसातला आकडा घरांचा.

ह्रस्व-दीर्घाचा तंटा आधीच मिटवून टाका. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण तोच शब्द समासात आधी आला तर तत्सम शब्दाचं मूळ ह्रस्व रूप परत येतं. म्हणजे 'रवी' एकटा आला तर वी, आणि 'रविवार'मध्ये वि. छेद, म्हणजे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना भेटतात ते घर, जुळत नसेल तेव्हा निम्म्या वेळा गडबड इथेच असते. काही कोडी हा भेद मानत नाहीत, पण तसं सूचनेत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर शुद्धलेखन पाळलंय असंच धरून चाला.

थीम

ह्या टप्प्यावर मी बरीच वर्षं अडखळत होते, त्यामुळे इथे सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, लांब उत्तरांवर थेट चाल करू नका. त्यांच्यातून जाणारे छोटे शब्द सोडवा. देवनागरीत एक छेद मिळाला तरी हाताला खूप लागतं. समजा उभा शब्द आहे 'तपश्चर्येत पानसुद्धा वर्ज्य करणारी पार्वती (३)'. उत्तर अपर्णा. तिचं शेवटचं 'र्णा' एखाद्या चार घरांच्या आडव्या शब्दाच्या शेवटी आलं, की उमेदवार बोटांवर मोजण्याइतके उरतात. सूत्र 'जेवू घालणारी देवी' असेल तर 'अन्नपूर्णा' लिहायला विचारही करावा लागत नाही. हाताशी आलेलं प्रत्येक जोडाक्षर असंच वापरायचं.

दुसरी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची: एका लांब उत्तरावरून थीम कधीही ठरवू नका. समजा पहिलं लांब उत्तर निघालं 'नाकापेक्षा मोती जड'. लगेच वाटतं, थीम दागिन्यांची. मग पुढच्या लांब ओळीत पहिलं अक्षर 'का' दिसलं की माणूस तिथे कानातलं, डूल, कुडी असं काहीबाही कोंबायला लागतो, आणि त्या हट्टापायी बरोबर आलेले उभे शब्दसुद्धा खोडून टाकतो. तिथे असतं 'कानामागून आली आणि तिखट झाली'. थीम होती शरीराच्या अवयवांची, आणि तिसरं उत्तर 'हात दाखवून अवलक्षण'. एका उत्तरावरून दहा थीम निघू शकतात, दोघांत मिळून एखादीच उरते. दोन लांब उत्तरं छेदांनिशी पक्की होईपर्यंत थीमचा विचार बंद ठेवा. ह्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

दोन उत्तरं मिळाली की ती कडेला एकाखाली एक, अक्षरं सुटी सुटी करून लिहा. आता शीर्षकाकडे परत या. एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. कोड्याचं शीर्षक आहे 'पाणी मुरतंय'. हाती आलेली उत्तरं 'वर्धापनदिन' आणि 'अन्नपूर्णा'. अर्थाच्या अंगाने बघितलं तर मन समारंभ, पंगत, नैवेद्य असं भरकटत जातं. तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. अर्थातून धागा मिळत नसेल तर अर्थ सोडा आणि अक्षरं बघा. व, र्धा, प, न, दि, न. अ, न्न, पू, र्णा. पहिल्याच्या सुरुवातीला वर्धा, दुसऱ्याच्या शेवटी पूर्णा. शब्दाशब्दांत नद्या मुरल्या आहेत.

आता हा अंदाज तिसऱ्या उत्तरावर घासून बघायचा. 'मोठ्या पराक्रमाचा (५)' याचं उत्तर 'महाप्रतापी' येतं आणि त्यात तापी मिळते, म्हणजे थीम पक्की. तिसरं उत्तर बसलं नसतं तर अंदाज टाकून द्यायचा. त्याला ठाकूनठोकून बसवायचा नाही.

थीम मिळाली की तिच्याकडून काम करून घ्या. ह्याच कोड्यात शेवटचं लांब सूत्र आहे: 'उंदरांच्या सभेत मंजूर झालेला, पण कुणीच पार न पाडलेला ठराव (४, ३, २)'. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण 'मांजरीच्या गळ्यात घंटा' की 'मांजराच्या गळ्यात घंटा'? दोन्ही म्हणतात, दोन्हींची घरं सारखीच, आणि ज्या तिसऱ्या घरावर सगळं अडलंय त्याला उभा शब्द छेदतच नाही. मघाशी म्हटलं ते एकाकी घर हेच. इथे निवाडा थीम करते: नदी मांजरा, म्हणून 'मांजराच्या'. रचणाऱ्याचं कसबही इथेच दिसतं. अन्नपूर्णेत पूर्णा अख्खीच्या अख्खी बसली आहे, तिथे लपवालपवी कमी. मांजरा मात्र विभक्तीच्या रूपातून अवचित निघते. अशी जागा भेटली की मी थांबून ती ओळ पुन्हा वाचते.

अक्षरांच्या थीममध्ये मात्रेसकट जुळणी हवी. मोसम नावाचीही नदी आहे, पण 'मोसमी वारे' ह्या कोड्यात चालणार नाही, कारण तिसऱ्या घरात मी आहे, म नाही. एखादा दुवा 'जवळजवळ' जुळतोय असं वाटलं तर तो दुवा नाही.

अर्थाची आणि अक्षरांची थीम झाली. तिसऱ्या प्रकारची थीम सगळ्यात जास्त छळते: उत्तरातून काहीतरी गाळलेलं किंवा बदललेलं असतं. तिची लक्षणं ओळखीची आहेत. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे, पण एक घर कमी पडतंय. किंवा सगळे छेद जुळतात, एक सोडून. हे एकदा झालं तर आपलं उत्तर तपासा. दोन वेगवेगळ्या लांब उत्तरांत झालं तर ती रचणाऱ्याची चाल आहे, आणि शीर्षक तसं सांगत असतं. शीर्षक 'कानाडोळा' असेल आणि 'पाऊलवाट'मध्ये 'वा'च्या जागी उभा शब्द हटून 'व'च मागत असेल, तर काना मुद्दाम गाळलाय. मग बाकीच्या लांब उत्तरांतही कुठला काना उडालाय ते हुडका.

थीमची उत्तरं नेमकी कोणती हे कधी चांदणी लावून दाखवलेलं असतं. नसेल तर चौकट अर्धी फिरवून बघा. काळी घरं तशीच दिसत असतील तर चौकट सममित आहे, आणि थीमची लांब उत्तरं समोरासमोर, समान लांबीच्या जोड्यांनी असतात. इंग्रजी कोड्यांत ही प्रथा कसोशीने पाळतात, मराठीत सगळे पाळत नाहीत.

अडलेला कोपरा

उठा आणि दुसरं काहीतरी करा. परत आल्यावर त्या कोपऱ्यातला ज्याची सगळ्यात जास्त खात्री वाटते तो शब्द खोडा. खूपदा तोच चुकलेला असतो, आणि त्याच्यामुळे बाकीचे तीन अडलेले असतात.

शोधाशोध करावी का

विशेषनामांसाठी करावी. एखाद्या खेळाडूचं किंवा गावाचं नाव माहीतच नसेल तर ते तर्काने काढता येत नाही. तिथे तासभर खंतावण्यात काही शहाणपण नाही. बघा, भरा, पुढे चला. शब्दकोश उघडून अर्थ पडताळणंही योग्यच, त्यातून पुढच्या रविवारची तयारी होते. पण थीमचं उत्तर बघायचं नाही. तयार उत्तरं शोधून देणाऱ्या साधनांत अर्धवट शब्द टाकून लांब ओळी भरून घेतल्या, तर तुम्ही फक्त नक्कल उतरवलीत. कोडं अपुरं ठेवलेलं बरं. ते संध्याकाळपर्यंत डोक्यात घोळत राहतं आणि भांडी घासताना सुटतं.

घड्याळ लावून सोडवण्याचा सल्लाही मला पटत नाही. रोजच्या छोट्या कोड्याला लावायचं तर लावा. रविवारच्या कोड्यात वेळेमागे धावणारा माणूस तिसरं लांब उत्तर भरतो आणि त्यात काय दडलंय ते न बघताच पुढे जातो.

दोघांनी मिळून सोडवायचं असेल तर एकाने सूत्र मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने चौकट धरावी. नुसतं ऐकल्यावर कोटी पटकन कळते, कारण डोळा छापील शब्दाला चिकटलेला नसतो. फक्त एक पथ्य पाळा: थीम ज्याला आधी दिसेल त्याने ती बोलायची नाही. 'मला दिसली' एवढं सांगून गप्प बसायचं आणि दुसऱ्याला त्याच्या वेळेने पोचू द्यायचं.

चौकट भरल्यावर

शेवटचं अक्षर भरलं म्हणून घडी घालून ठेवू नका. शीर्षक आणि सगळी थीमची उत्तरं सलग एकदा वाचा, आणि प्रत्येक उत्तरात थीम कुठे बसली आहे तिथे रेघ मारा. एखाद्या उत्तराखाली रेघ मारता आली नाही, तर बहुतेक वेळा ते चुकलेलं असतं. 'मांजरीच्या' लिहून पुढे गेलेला माणूस इथे सापडतो. एकाच शब्दाच्या वाट्याला आलेली घरं पुन्हा तपासा, कारण तिथली चूक चौकट स्वतःहून दाखवत नाही. पुढच्या आठवड्यात छापलेलं उत्तर आलं की फक्त चुकलेल्या घरांची सूत्रं परत वाचा, आणि सूत्रातल्या कोणत्या शब्दाकडे आपलं दुर्लक्ष झालं होतं ते शोधा.