जुना ६५ इंची रिअर प्रोजेक्शन टीव्ही: हात लावण्याआधीची तयारी

वही आणि पेन. यादीतली पहिली वस्तू हीच. बाकी काही विसरलात तर मधेच उठून आणता येईल, ही विसरलात तर नाही. तीन ट्यूबच्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत (दुरुस्तीवाल्यांसाठीच्या लपलेल्या मेनूत) शिरल्यावर समोर जे आकडे दिसतात, ते एकही आकडा हलवण्याआधी लिहून घ्यायचे. या टीव्हीत सगळं पहिल्यासारखं करून देणारं बटण नसतं. कारखान्यात प्रत्येक संच वेगळा जुळवलेला असतो आणि ते आकडे त्याच संचातल्या मेमरी चिपमध्ये बसलेले असतात. मित्राकडे अगदी तेच मॉडेल असलं तरी त्याच्या कन्व्हर्जन्सचे (तिन्ही रंगांची चित्रं एकमेकांवर नेमकी बसवण्याचे) आकडे तुमच्या ट्यूबना जुळत नाहीत. एकदा पुसले की गेले.

आता ओळीने घेऊ. बोलतोय ते २००० ते २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेसमेंटांमध्ये येऊन बसलेल्या १६:९ म्हणजे रुंद पडद्याच्या संचांबद्दल: सोनी, हिताची, तोशिबा, मित्सुबिशी, पायोनियर. आत तळाशी लाल, हिरवी, निळी अशा सात इंची तीन ट्यूब, वर तिरका आरसा, समोर पडदा. आज हे कुणी फुकटात देतं, कुणी ‘फक्त घेऊन जा’ म्हणतं. नीट जुळवलेल्या संचावर अंधाऱ्या खोलीत सिनेमा लावला की काळा रंग खरोखर काळा दिसतो, म्हणून एवढा खटाटोप करावासा वाटतो. पण नीट जुळवलेला असला तरच.

आणायच्या आधी बघून घ्या. देणाऱ्याला फोन करून टीव्ही अर्धा तास आधी चालू ठेवायला सांगा. गार टीव्हीत रंग थोडे सरकलेले दिसतातच, त्यावरून काही ठरवू नका. सोबत एक डीव्हीडी न्या ज्यात पूर्ण पांढरा आणि पूर्ण करडा पडदा आहे. मधला ४:३ म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचा भाग मंद आणि दोन्ही कडांचे पट्टे उजळ दिसले, तर त्यावर वर्षानुवर्षं जुने चौकोनी कार्यक्रम चाललेत आणि मधला फॉस्फर (ट्यूबच्या आतला उजळणारा लेप) झिजलाय. खालच्या बाजूला आडवी पट्टी दिसली तर ती बातम्यांची. ही झीज भरून निघत नाही. ट्यूब बदलणं हाच उपाय, आणि तो परवडत नाही.

लाल किंवा निळ्या रेघा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतील आणि रिमोटवरच्या कन्व्हर्जन्सने सरळ होत नसतील, तर घाबरू नका. बहुतेक वेळा कन्व्हर्जन्सच्या आयसी (चिप) गेलेल्या असतात. एसटीके३९२-११०, एसटीके३९४-१६० असे नंबर त्यांवर असतात. बोर्डावर साधारण दोन असतात, दोन्ही एकदमच बदलायच्या. आजूबाजूचे जळालेले रेझिस्टर मीटरने तपासायचे, हीटसिंकवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवरची) जुनी पेस्ट खरवडून नवी लावायची. बनावट आयसी बाजारात भरपूर आहेत आणि त्या चालू केल्या केल्या किंवा काही दिवसांत जातात, म्हणून खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

मग टॉर्च. पुढचं खालचं झाकण काढून लेन्सच्या आत बघा. ट्यूबचा चेहरा आणि लेन्स यांच्यामध्ये थंड ठेवणारं द्रव भरलेलं असतं, ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं. ते स्वच्छ पाण्यासारखं दिसलं पाहिजे. धुरकट असेल किंवा आत बुरशीचे तंतू तरंगत असतील तर चित्र कायम धुक्यातून आल्यासारखं दिसणार. खाली बोर्डावर चिकट, गोडसर वासाचे ओघळ दिसले तर टीव्ही घेऊ नका, गळणारं द्रव बोर्ड खातं. आणि ते पुसायची वेळ आलीच तर कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. चवीला गोड आणि पोटात विष.

नेण्याबद्दल थोडक्यात. वजन २०० ते ३०० पौंड, म्हणजे ९० ते १३५ किलो. चार माणसं आणि पट्टे लागतात. दाराचं, जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या. ६५ इंची पडदाच साधारण ५७ बाय ३२ इंच असतो, कॅबिनेट त्याहून बरंच मोठं. काही संचांचा वरचा भाग वेगळा होतो, तो आधी सोडवा. गाडीत टीव्ही उभाच ठेवायचा. आडवा नाही, पाठीवर नाही, ‘दहा मिनिटांचंच तर अंतर आहे’ म्हणूनही नाही. पडद्याच्या बाजूने दोर आवळू नका, पडद्याला पोचा येतो.

घरी आल्यावर पहिलं काम जागेचं. टीव्ही कायमचा जिथे राहणार तिथेच ठेवून मग जुळवणी. ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांवर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचाही परिणाम होतो. उत्तरेकडे तोंड करून जुळवलेला संच पूर्वेकडे फिरवला की रेघा थोड्या सरकतात. सबवूफर कॅबिनेटला चिकटवून ठेवू नका, ट्यूब तळाशीच असतात आणि त्याचं चुंबक तिथपर्यंत पोचतं. खाली स्टँड लावून उंच करू नका. या पडद्याचा वर-खालचा कोन अरुंद असतो, सोफ्यावर बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याशी यायला हवी. बसायचं अंतर आठ ते दहा फूट. भारतात परत जाताना कंटेनरमधून नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. संच १२० व्होल्टचा, ट्यूनर अमेरिकन पद्धतीचा, आणि तिथे त्याचे भाग मिळायचे नाहीत.

पहिल्यांदा चालू केल्यावर कॉन्ट्रास्ट खाली आणा, बाकी काहीही करण्याआधी. दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून कारखान्यातून तो जवळजवळ पूर्ण चढवून येतो, आणि बरेच जण दहा-दहा वर्षं तसाच ठेवतात. ३० ते ४५ टक्क्यांवर आणा. खोलीत अंधार केला की तेवढा पुरतो. कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो, ४:३ च्या बाजूचे काळे पट्टे, आणि आपल्याकडची खास धोक्याची गोष्ट म्हणजे क्रिकेटच्या धावफलकाची पट्टी: कसोटीत पाच दिवस, दिवसाचे सहा-सात तास, एकाच जागी. चढवलेल्या कॉन्ट्रास्टवर अशा दोन-तीन मालिका पाहिल्या तर ती पट्टी सिनेमातही दिसायला लागते. सामने दुसऱ्या टीव्हीवर पाहा.

आता पुन्हा वही. सर्व्हिस मेनूत शिरायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा. नुसत्या अंदाजाने रिमोटची बटणं दाबत बसू नका, काही मेनूंमध्ये चुकीचं बटण दाबलं की बदल लगेच जतन होतो. आत गेल्यावर प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि फोटो काढला तरी वहीत लिहा. फोनच्या फोटोत पडद्यावरून आडवा पट्टा सरकतो आणि ३ आहे की ८ हे नंतर कळत नाही. डाव्या बाजूला कोड, उजव्या बाजूला आकडा. एक पान झालं की पुन्हा पहिल्यापासून पडद्याशी ताडून पाहा. एकदाच लिहून पुढे जाऊ नका. ताडून पाहाच.

एवढ्याने भागत नाही. यातले बरेच संच दोन वेगळ्या स्कॅन दरांवर (आडव्या रेघा काढण्याच्या वेगांवर) चालतात: ४८०पी (डीव्हीडी) साठी ३१.५ किलोहर्ट्झ, १०८०आय (एचडी) साठी ३३.७५ किलोहर्ट्झ. पुष्कळ संचांत दोन्हींची जुळवणी वेगळी साठवलेली असते. म्हणजे डीव्हीडी लावून आकडे लिहिले आणि १०८०आय चे लिहिले नाहीत, तर अर्धंच लिहिलंत. पूर्ण पडदा, झूम, ४:३ असे मोड असतात, त्यांचीही रुंदी-उंची वेगळी असू शकते. प्रत्येक सिग्नल लावून, प्रत्येक मोडमध्ये जाऊन पाहा आणि लिहा. कंटाळा येतो हे खरं, पण सर्वात जास्त नुकसान नेमकं इथेच होतं.

साफसफाई. प्लग काढा, नुसता पॉवर बंद नको. आत ३० हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, थोडा वेळ थांबा, आणि ट्यूबच्या लाल जाड वायरींना हात लावू नका. पडदा काढायला दोघं हवेत, हातात सुती मोजे. पडदा म्हणजे खरं तर दोन-तीन थर असतात: आत फ्रेनेल (सपाट भिंगाचा थर), त्यापुढे उभ्या बारीक रेघांचा लेंटिक्युलर, आणि काहींना सर्वात पुढे चकचकीत, पारदर्शक संरक्षक पत्रा. हा पत्रा काढून टाकला तर समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब जातं, पण मग लेंटिक्युलर उघडा पडतो, लहान मुलं असतील तर काढू नका. थर ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने होते तसेच बसवायचे. सुट्टा फ्रेनेल अंगणात, खिडकीशी, उन्हात कुठेही टेकवून ठेवू नका. ते मोठं भिंग आहे, सूर्यकिरण एका बिंदूवर आणून लाकूड पेटवतं. ब्लँकेटखाली, सावलीत, आडवा.

आरशाचा चकचकीत थर काचेच्या मागे नसतो, पुढच्या पृष्ठावरच असतो. घरचा काच पुसायचा स्प्रे मारला तर तो थर निघतो. काहींत तर काचही नसते, ताणलेली फिल्म असते. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला केलेला मायक्रोफायबर, वजन न देता, एकाच दिशेने. तीन लेन्सही तशाच पुसा. दहा-पंधरा वर्षांची धूळ बसलेल्या लेन्स पुसल्या की चित्र इतकं उजळतं की कॉन्ट्रास्ट अजून खाली आणावा लागतो.

फोकस. लेन्स घट्ट धरणारी चावी सैल करण्याआधी लेन्सवर आणि नळीवर मिळून मार्करने एक रेघ ओढा. फोकस ब्लॉकवर सहा खुंट्या असतात, तीन फोकसच्या आणि तीन ‘स्क्रीन’च्या, म्हणजे प्रत्येक ट्यूबचा उजेड ठरवणाऱ्या. त्यांवरही खूण करा, आणि स्क्रीनच्या तिघींना हात लावू नका, रंगांचा तोल बिघडतो. खुणा हाही वहीचाच भाग समजा. हे काम टीव्ही चालू ठेवून करावं लागतं, तेव्हा अंगठी, घड्याळ काढा आणि एकच हात आत घाला. आधी हिरवी, कारण बारीक तपशील डोळ्याला हिरव्यातूनच दिसतो. दुसऱ्या दोन लेन्स झाकून पडद्यावर आणलेल्या चाचणीच्या जाळीच्या रेघा बघत फिरवा. मग लाल. निळी कारखान्यातच थोडी मऊ ठेवलेली असते, तिला धारदार करायच्या मागे लागू नका.

कन्व्हर्जन्स करण्याआधी टीव्ही निदान अर्धा तास चालू हवा, तासभर असेल तर उत्तम. कॉन्ट्रास्ट कमी, कारण जाळीचं चित्र तासन्‌तास ठेवलं तर जाळीच छापली जाते. मधे मधे सिनेमा लावा. हिरव्याच्या रेघा सरळ आहेत का हे पाहायला पडद्याच्या कडांना मास्किंग टेपने शिवणाचा दोरा ताणून लावा. हिरवी ठीक असेल तर तिला हात लावायचा नाही, लाल तिच्यावर आणायची, मग निळी. मधल्या बिंदूपासून बाहेर. हिताचीत ३ बाय ३, मग ७ बाय ५, मग १३ बाय ९ असे ११७ बिंदू असतात. मोठ्या टप्प्यात जेवढं होतं तेवढं करा, बारीक टप्प्यात एकाच बिंदूला जास्त ओढलंत तर शेजारच्या रेघेला लाट येते. काम झाल्यावर मॅन्युअलप्रमाणे जतन करा, आणि मॅजिक फोकससारखी आपोआप जुळवणारी सोय असेल तर तिच्या सेन्सरना नवी स्थिती शिकवा. नाहीतर कुणीतरी ते बटण दाबतं आणि तुमचं काम फुकट जातं. दुसऱ्या स्कॅन दरासाठी हे सगळं पुन्हा. त्याचे जुने आकडे लिहिलेत ना, आधी वही उघडून पाहा.

उरलेलं. रंगाचं तापमान ‘वॉर्म’, शार्पनेस जवळजवळ शून्य, व्हेलॉसिटी मॉड्युलेशन (कडा कृत्रिमपणे उठावदार करणारी सोय) बंद. टीव्हीचे स्पीकर बंद, आवाजासाठी रिसीव्हर वेगळा. जोडणी कंपोनंट किंवा डीव्हीआय, डीव्हीआयला एचडीसीपी (कॉपी रोखणारी सोय, ती नसेल तर संरक्षित चित्र दिसत नाही) आहे का ते पाहा. २०११ पासून आलेले ब्लू-रे प्लेअर कंपोनंटवर संरक्षित चकत्या फार तर साध्या ४८०आय मध्ये देतात, म्हणून प्लेअर जुना शोधा. अमेरिकेतलं पूर्ण ताकदीचं अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ ला बंद झालं, अँटेना लावायचा तर कन्व्हर्टर बॉक्स हवा. सर्ज प्रोटेक्टर लावा.

सगळं मनासारखं झालं की त्याच वहीत नव्या पानावर तारीख टाकून नवे आकडे लिहा, दोन्ही स्कॅन दरांचे, आणि त्याची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या मागच्या झाकणाला आतून चिकटवा.