फास्ट लेन्सने पोर्ट्रेट काढताना ॲपर्चर सगळ्यांत शेवटी ठरवा

फास्ट लेन्स, म्हणजे ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र) खूप मोठं उघडणारी लेन्स, हातात आली की सुरुवातीचे सगळे फोटो एफ १.८लाच (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) निघतात. पैसे त्यासाठीच मोजलेले असतात म्हणा! मग घरी येऊन पाहावं तर एक डोळा लख्ख, दुसरा पुसट आणि कानाचा पत्ताच नाही. यात लेन्सचा दोष नसतो, ठरवण्याचा क्रम उलटा झालेला असतो. आधी अंतर, मग प्रकाश, मग मागची जागा आणि त्यानंतर ॲपर्चर. घरातल्या आजीचा खिडकीपाशी फोटो काढायचा आहे, असं धरून चालू.

किती लांब उभं राहायचं

चेहऱ्याची ठेवण लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरवर नाही, तर तुमच्या अंतरावर ठरते. दीड फुटावरून काढलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फुटांवरून तोच चेहरा आपल्या ओळखीचा दिसतो. तिथून डोकं आणि खांदे चौकटीत नीट बसावेत यासाठी फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) ८५ मिमी, क्रॉप सेन्सरला (त्याहून लहान) ५० ते ५६ आणि मायक्रो फोर थर्ड्सला (आणखी लहान) ४५ मिमीच्या आसपासची लेन्स लागते. सोनी आणि निकॉनची ८५ मिमी एफ १.८, कॅननची ८५ मिमी एफ २, ऑलिंपसची ४५ मिमी एफ १.८ या सगळ्या याच कामाच्या. क्रॉप सेन्सर असेल तर साध्या ५० मिमी एफ १.८वर उत्तम भागतं. एफ १.२ची जड, महागडी लेन्स पहिल्याच वर्षी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खिडकी

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. आजीची खुर्ची अशी ठेवा की खिडकी तिच्या एका बाजूला, पण किंचित पुढे येईल. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करताना जीव मेटाकुटीला येतो. सावलीतला गाल फारच काळा पडला तर त्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल किंवा पांढरा कार्डशीट धरा. तो जवळ आणला की सावली भरते, लांब नेला की गडद होते. पिस्ता रंगाच्या भिंतीला मात्र खेटून बसवू नका, तो रंग हमखास गालावर उतरतो.

आता डोळे बघा. बुबुळात खिडकीची छोटी चौकट चमकली पाहिजे. दिसत नसेल तर खुर्ची थोडी फिरवा. चष्म्याच्या काचेत अख्खी खिडकी उमटत असेल तर काड्या कानावरून जराशा वर उचला. काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे कळतो. फोटो किती उजळ येणार हे व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं. फिकट लुगडं आणि पांढरी भिंत असेल तर कॅमेरा बिचकून सगळंच काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.३ ते +०.७ करा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग पडायला लागला की थांबा. सावळा चेहरा सावळाच येऊ द्या. गोरं करायचा उद्योग मोबाइल फोन न सांगता करतातच, तो आपण कशाला करायचा?

मागे काय आहे

पार्श्वभूमी पुसट करायला लोक ॲपर्चर उघडतात. त्याआधी खुर्ची पुढे ओढावी. ८५ मिमीने दीड मीटरवरून फोटो काढताय, आजी भिंतीपासून जेमतेम एक फुटावर आहे आणि ॲपर्चर एफ १.४ आहे असं समजा. आता तिला भिंतीपासून दहा फूट पुढे आणा, तुम्हीही तेवढेच मागे सरका आणि ॲपर्चर एफ २.८ करा. या दुसऱ्या फोटोत भिंत जवळजवळ दुप्पट पुसट येते आणि चेहरा मात्र जास्त स्पष्ट राहतो. घर लहान असेल तर खोलीचं दार उघडा आणि मागे लांबवरचा पॅसेज येऊ द्या.

आता ॲपर्चर

फुल फ्रेम, ८५ मिमी, दीड मीटर अंतर आणि एफ १.८ एवढं धरलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा असतो साधारण साडेतीन सेंटिमीटर. एफ २.८ला तो पाच सेंटिमीटरच्या थोडा पुढे जातो, एफ ४ला साडेसात. चेहरा तिरपा असेल तर दोन्ही डोळे साडेतीन सेंटिमीटरमध्ये मावणं कठीण. म्हणून समोरून बघणाऱ्या चेहऱ्याला एफ २, तिरप्याला एफ २.८ आणि दोन माणसं शेजारी असतील तर एफ ४. एफ १.८ संध्याकाळी, उजेड संपत आल्यावर उपयोगी पडतो.

बाहेर भर उन्हात वेगळीच अडचण येते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ १.८ला शटर १/८००० सेकंद लागतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल (हलत्या पडद्यांचं) शटर १/४०००वरच थांबतं. सावलीत या किंवा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, लावा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

फोकस आणि शटर

आय डिटेक्शन (कॅमेऱ्याने आपणहून डोळा शोधणं) चालू ठेवा आणि फोकस एएफ-सीवर, म्हणजे सतत फोकस धरत राहणाऱ्या मोडवर, टाका. कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात. माणूस स्थिर बसलाय असं वाटतं, पण श्वासाबरोबरही तो सेंटिमीटरभर पुढे-मागे होतो. मधल्या चौकोनाने फोकस धरून कॅमेरा वळवायची जुनी सवय फास्ट लेन्सवर घात करते. तिरप्या चेहऱ्यात कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा निवडा. आजीने नथ घातली असेल तर नीट तपासा: कॅमेऱ्याने डोळा सोडला की मोती झकास येतो आणि नजर हरवते.

शटर १/२००च्या खाली शक्यतो नको. कॅमेऱ्याच्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. उजेड कमी पडला तर आयएसओ ३२००पर्यंत बिनधास्त जा; फोटोतले दाणे चालतात, हललेली पापणी चालत नाही.

दिव्याच्या उजेडातच काढायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक (पडदा न हलता चालणारं) शटर टाळा, फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इथे अपवाद म्हणून मेकॅनिकल शटर १/१००वर ठेवलं की बहुतेक वेळा भागतं. उलट उन्हात १/१०००च्या वर गेलात तर मेन्यूमधला इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक करणारी सेटिंग) बंद करा. तो चालू राहिला तर मागच्या चमकत्या ठिपक्यांचे पुसट गोल एका बाजूने कापल्यासारखे दिसतात.

तीन-चार फोटोंची छोटी फैर झाडा, आणि आजी खुर्चीत बसलेली असतानाच एक फोटो पूर्ण मोठा करून पापण्या बघा. पापण्यांऐवजी भुवई किंवा कानाशेजारचे केस स्पष्ट आले असतील तर ॲपर्चर एक स्टॉप बंद करून पुन्हा काढा.