अंगावर अचानक गांधी उठल्या? कारण शोधताना या चुका टाळा

आधी श्वासाकडे बघा, कारण नंतर शोधा. गांधींबरोबर धाप, घसा आवळणं, आवाज बसणं, जीभ सुजणं, वारंवार उलट्या किंवा भोवळ असेल तर तो अ‍ॅनाफिलॅक्सिस समजावा, म्हणजे जीवघेणी ठरू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी. अशा वेळी अँटिहिस्टामिनची (खाज-गांधी शमवणारी) गोळी देऊन वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन तातडीने हवं. तोवर रुग्णाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसू द्या. उठून चालू देऊ नका.

धोका नसेल तर मग शोध. बहुतेकांची फसगत ‘काल काय खाल्लं?’ इथेच होते. अन्नाची अ‍ॅलर्जी सहसा काही मिनिटांत ते 2 तासांत दिसते, त्यामुळे रात्रीच्या जेवणावर सकाळच्या गांधींचा आळ घेण्यात फारसा अर्थ नसतो. गोचीड चावल्यामुळे जडणारी लाल मांसाची अ‍ॅलर्जी मात्र 3 ते 6 तासांनी उमटते. एरवी पचणारा पदार्थ व्यायाम, मद्य किंवा वेदनाशामक गोळी जोडीला आली तरच बाधतो, असंही होतं. म्हणून पदार्थांबरोबर गांधी उठण्याआधीच्या काही तासांत काय केलं, तेही वेळेसकट लिहा.

औषधांच्या यादीत डोकेदुखीची गोळी हमखास सुटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी गांधी उठू शकतात. उलट, तापातल्या मुलाला अँटिबायोटिक दिल्यावर गांधी आल्या की सगळा दोष औषधाला जातो. मुलांमध्ये विषाणूसंसर्ग हेच मोठं कारण असतं. खात्री न करता अ‍ॅलर्जीचा शिक्का मारला तर पुढे चांगलं औषध उगाच वर्ज्य होतं. पण ‘पुन्हा देऊन बघू’ हा प्रयोग घरी नको, तो डॉक्टरांच्या देखरेखीतच.

दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी विरलेल्या असतात, म्हणून फोटो काढा. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारून वेळ लिहा. साधी गांध 24 तासांच्या आत त्या जागेवरून जाते, भले दुसरीकडे नवी उठो. तिथेच टिकली, खाजेपेक्षा दुखली किंवा निळसर डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. डॉक्टर बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं, सुचवतील.

शेकडो पदार्थांची रक्ततपासणी आधीच करून घेणं हा वाया जाणारा खर्च. पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने पदार्थ ओळखला, त्रास त्यानेच झाला असं नव्हे. संशय ठरवून मगच तपासणी करा. त्वचेवरच्या प्रिक टेस्टआधी (संशयित पदार्थाचा थेंब ठेवून हलकेच टोचून बघण्याची चाचणी) अँटिहिस्टामिन साधारण 5 ते 7 दिवस बंद असावं लागतं, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्ततपासणीला ही अट नाही.

गांधी 6 आठवड्यांनंतरही येतच राहिल्या तर जेवणातले पदार्थ एकेक करून तोडत बसू नका. त्या टप्प्यावर बाहेरची अ‍ॅलर्जी क्वचितच निघते. बऱ्याचदा स्वतःचीच प्रतिकारशक्ती, नाहीतर थंडी, घाम, घट्ट कपड्यांचा दाब यांकडे बोट जातं.