लिफ्ट केलेल्या पिकअपला मोठे टायर टाकायचेत? आधी खडू आणा

लिफ्ट झाली की माणसाला सगळ्यात मोठा टायरच दिसतो. मीही तेच केलं, माझी इसुझूची वी-क्रॉस पिकअप, 2 इंच सस्पेन्शन लिफ्ट (म्हणजे स्प्रिंगकडून गाडी उंच केलेली), दुकानदार म्हणाला "भिया, आराम से आ जाएगा", उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून दाखवलं, कुठे काही लागलं नाही, मी पैसे देऊन मोकळा. पुढच्या रविवारी इंदूरहून खंडवा रोडने चोरलला निघालो तर भेरूघाटात वळणावर खड्डा आला आणि डावीकडून खर्रर्र! उतरून बघतो तर चाकाच्या कमानीतला प्लास्टिकचा लायनर फाटून लोंबतोय.

चूक कुठे झाली ते ऐका. लिफ्टने बॉडी वर जाते, पण सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक वर जाऊन पहिल्याच जागी पोचतं (बम्प स्टॉप, म्हणजे चाकाला फार वर जाऊ न देणारा रबरी अडथळा, वाढवला नसेल तर). म्हणजे उभ्या गाडीतली मोकळी जागा फसवी.

म्हणून आधी हिशोब. माझा मूळ टायर 255/60 आर 18. 255 मिमी रुंदीचे 60 टक्के म्हणजे 153 मिमी ही साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची), दोन्ही बाजूची मिळून 306, त्यात 18 इंची रिमचे 457 मिळवा, झाले 763 मिमी. 265/65 आर 18 घेतला तर हेच 802 होतात. व्यास 39 ने वाढला तरी मागचं डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलच्या मधला खाली लोंबणारा गोळा) उचललं जातं त्याच्या निम्मं, जेमतेम 20 मिमी, आणि लिफ्टने तर ते मुळीच उचललं जात नाही. स्पीडोमीटर आधी बरोबर असेल तर आता 100 दाखवेल तेव्हा गाडी 105 ला असेल, किलोमीटरही कमी मोजले जातील, मग मायलेज पडलं म्हणून रडू नका, थोडं खरंच पडतं आणि थोडं मीटरच खातं.

आता खडू. चारही टायर घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच टायर पुढच्या चाकाला चढवून द्यायला सांगा (नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा). लायनरला आतून आणि बंपरच्या मागच्या कडेला शाळेचा पांढरा खडू जाड फासा, मग ते चाक जाड लाकडी ठोकळ्यांवर हळू चढवा म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जाईल, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून थोडं पुढे-मागे घ्या, रिव्हर्स विसरू नका. जिथला खडू पुसला गेला तिथे घासतंय. माझ्याकडे घरी हे केलं तेव्हा बंपरच्या मागे चार बोटं पट्टा स्वच्छ झाला होता, दुकानात ही घासणारी जागा कुणाच्या नजरेलाही आली नव्हती.

रिम बदलत असाल तर पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला की झालं असं नाही, मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) नीट बसलं पाहिजे, नटची बैठकही रिमच्या बैठकीशी जुळली पाहिजे. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) कमी केला तर चाक बाहेर येतं, दिसायला भारी, पण वळताना मोठा घेर घेतं आणि नेमकं त्याच बंपरला जाऊन लागतं, शिवाय बेअरिंगवर ताण वेगळाच. स्पेसर (चाक बाहेर काढायला हब आणि रिमच्या मध्ये घालतात ती चकती) माझ्या मते नकोच. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, पिकअप आहे, मागे सामान असतं.

मड टेरेन (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) घेऊ का असं सगळे विचारतात. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात टायरला अशी चिकटते की मड टेरेनच्या खाचासुद्धा भरून जातात, आणि बाकी आठ महिने डांबरावर घूंऽऽ आवाज ऐकत बसा. ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) पुरे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा, कंपनीच्या मापापेक्षा मनमानी बदल चालत नाहीत. कंपनी तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जे माप देते तिथपर्यंत राहिलात तर डोक्याला ताप कमी.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करा, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या ठरलेल्या जोराने) चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकाआड समोरचा असे आवळा आणि थोडं चालवून झालं, इंदूरहून देवासला जाऊन आलात की परत एकदा तपासा. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवणार असाल तर ती चढवलेली असताना फोर-व्हील लावून चालवू नका, नवीन मापाची घेणार असाल तर गाडीखाली तिच्या जागेत मावते का ते आधी मोजा, माझी मावली नाही, सध्या मागे लोडिंगमध्ये दोरीने बांधून फिरतोय.